शून्य असायला हवं तिथे दोन

शेलार, २९ जून २००८. लाईट आहे.

विपुल,

मेलला तू 'नोटेड' एवढंच लिहितोस. म्हणून पत्र. पाकीट फाडायला तरी हात लागतील तुझे.

आधी कामाचं. (कामाचंच लिही, असं तूच सांगितलंस.) एम.एस्सी.ला असताना आपण तो प्रोग्रॅम अर्धवट सोडला होता ना, चौकटी-चौकटींच्या पदार्थाचा? मी तो पुरा केला. कॉलेजात शिकवून आले की रोज थोडा थोडा. आतून करंट बंद, काठाने चालू, आणि काठावरून निघालेला इलेक्ट्रॉन मागे वळत नाही. समोर घाण आली तर वळसा घालतो, पण पुढेच जातो. हे सगळं आलं बरोबर. पण हे आता सगळ्यांना माहीत आहे. तुमच्या जर्मनीत तर लोकांचं लॅबमध्ये मोजूनही झालं.

म्हणून मी उलटं करून बघितलं. साधा पदार्थ घेतला. आतून बंद, काठानेही बंद, एकदम मुर्दाड. आणि त्यात घाण टाकत गेले. तुम्ही डिसऑर्डर म्हणा, मी घाणच म्हणते, भिवंडीत राहून दुसरा शब्द सुचत नाही.

आधीच बंद असलेली वस्तू घाणीने आणखी बंद होणार ना? करंट किती जातो त्याचा ग्राफ शून्यावर पडून राहायला हवा. थोडी घाण टाकली, शून्य. आणखी टाकली, शून्य. आणखी टाकली आणि तो उठला, विपुल. उठून दोनवर जाऊन बसला. एका काठाचा एक, दुसऱ्या काठाचा एक. मग कितीतरी वेळ घाण वाढवतेय तरी हलेना. सरळ रेष, पट्टीने ओढल्यासारखी. खूपच घाण झाली तेव्हा कुठे कोसळला.

शून्य असायला हवं तिथे दोन. घाणीने काठ सुरू झाला.

मी पुन्हा चालवलं. पुन्हा तेच. स्क्रीनकडे बघून मी हसत होते तर आई म्हणाली, "काय गो, शिणेमा लावलास का?"

सांग, हा बग आहे का? हो किंवा नाही. 'नोटेड' नको.

निशा


शेलार, २० जुलै २००८. लाईट नाही.

विपुल,

तुझा मेल मिळाला. चार ओळी! मी प्रिंट काढून घेतली, सायबर कॅफेवाल्याने विचारलं, व्हिसा आया क्या.

तू म्हणतोस बग आहे. इतकी सरळ रेष निसर्गात नसते, प्रोग्रॅम कुठेतरी अडकून तोच आकडा पुन्हा पुन्हा छापतोय. मलाही पहिलं तेच वाटलं. पण मग दोनच का? अडकायचं तर सतरा पूर्णांक काहीतरीवर अडकला असता. दोनवर जाऊन अडकणारा बग फार शिकलेला बग असला पाहिजे.

असो. तुझ्या सरांचा निरोप कळला. पदार्थ मोठा घेऊन, वेगवेगळी घाण टाकून, पुष्कळदा चालवायचं. तरीही दोनच आलं तर ते मला तिकडे पीएच.डी.ला जागा देतील. निरोप देणारा तू, त्यामुळे 'विचार करतील' असा शब्द वापरलास, पण मी तो 'देतील' असाच वाचला. ऑक्टोबरअखेर अर्ज, सोबत निकाल.

आणि तुमच्या क्लस्टरवर चालवून देशील का, याचं उत्तर 'सध्या कठीण'. तिथे शंभर मशिनी एका खोलीत बसल्यात आणि माझं काम त्यांना एका रात्रीचं आहे. बरं. सध्या कठीण.

इथली परिस्थिती सांगते म्हणजे तुला कळेल कठीण काय असतं. लाईट सकाळी जाते, दुपारी जाते, आणि मध्ये मध्ये सहज म्हणूनही जाते. मोठा पदार्थ एकदा चालवायला माझ्या डब्याला दोन-तीन दिवस लागतात. दोन-तीन दिवस सलग लाईट शेलारात शेवटची कधी होती ते आईलाही आठवत नाही. शेजारचे लूम बंद पडले की गल्लीत एकदम शांतता होते. ती शांतता ऐकली की मी हातातलं टाकून डब्याकडे धावते. यूपीएस दहा मिनिटं रडतो आणि मरतो.

निघताना तू म्हणालास की तिकडे येण्यासाठी मी घरी भांडलेच नाही. तुला भांडण म्हणजे काय वाटतं? बाबा ओरडले असते तर मी ओरडले असते. ते ओरडले नाहीत. जेवताना म्हणाले, "एकटी पोर न्हाय जायची," आणि आईला म्हणाले, आमटी वाढ. आमटीशी कसं भांडतात ते मला अजून कळलेलं नाही.

पण बोलावणं आलं, पत्रावर शिक्का असला, तर गोष्ट वेगळी होईल. बाबा शिक्क्याला मानतात. म्हणून मला हे दोन पाहिजे, विपुल. आता कळलं ना किती पाहिजे?

निशा


वडपे, १७ ऑगस्ट २००८. जनरेटर!

विपुल,

उपाय सापडला. चिंधूकाकाचं गोडाऊन.

काकाच्या भातशेतीवर आता पत्र्याचं गोडाऊन आहे, हे तुला माहीत आहे. कुठल्याशा कंपनीचे टीव्ही आणि फ्रिज असतात. लाईट गेली की जनरेटर. मी काकाला म्हटलं, माझा कॉम्प्युटर ऑफिसात ठेवू का, एका कोपऱ्यात. काका म्हणाला, "ठेव की. टीव्ही ठेवतो तर तुझा यो डबा जड हाय का?"

टेम्पोत टीव्हीच्या खोक्यांबरोबर आणला. काकाने विचारलं, हा करतो काय. मी सांगितलं, आतून करंट जात नाही काका, फक्त काठाने जातो, आणि गेला की मागे फिरत नाही.

"म्हंजी आपला बायपास."

"हां, तसंच."

"मंग भिवंडीत न्हाय चालायचा. हितं बायपासला पन जाम लागतो."

वॉचमन जौनपूरचा आहे, तो सारखा येऊन बघतो. "मॅडम, ये दिनभर हिसाब करेगा, आखिर में बताएगा क्या?"

"जीरो या दो."

"बस? अरे इतना तो हम अभी बता दें. दो."

मी म्हटलं, लिखके दो भैया.

सीताकाकीची तऱ्हा आणखी वेगळी. तिला मूलबाळ नाही, आणि गोडाऊनमध्ये येणारं सगळं सामान दोन दिवसांत निघून जातं. हा डबा राहिला, म्हणून तिला त्याचा लळा लागलाय. कॅबिनेटला हात लावून म्हणते, "अंग तापलंय गो याचं." मग स्वतःच्या खोलीतला टेबल फॅन आणून लावला. घामाघूम ती बसते आणि वारा डब्याला.

मी कागद चिकटवलाय, मोठ्या अक्षरात. 'बंद करू नये. हात लावू नये.' काकीला वाचता येत नाही, तिला काकाने वाचून दाखवला. तेव्हापासून ती अंग तापलंय का ते लांबून बघते.

मी रविवारी रविवारी येते आणि झालेलं पेन ड्राईव्हवर घेऊन जाते. मधल्या आकाराचा पदार्थ झाला. दोन. वेगळी घाण, दोन. आणखी वेगळी, दोन. बग असता तर इतका चिवट नसता रे. आता सगळ्यात मोठा लावलाय. तो वेळ खाणार, पण ऑक्टोबर लांब आहे.

तू या वेळी काहीच लिहिलं नाहीस. कामाचंही.

निशा


शेलार, ५ ऑक्टोबर २००८. लाईट येतेय जातेय.

विपुल,

आज रविवार, पण वडप्याला जाता आलं नाही. सगळे वज्रेश्वरीला गेलो, नवरात्र म्हणून. तिथून अकलोलीला, गरम पाण्याच्या कुंडावर.

जरीची साडी नेसून कुंडावर कोण जातं, असं तू विचारशील. आईने नेसवली. तिथे योगायोगाने बाबांच्या ओळखीचे लोक भेटले. योगायोगाने त्यांच्याकडे डबे होते आणि आमच्याकडे पेढे होते. पाण्यात पाय सोडून सगळे बसले. मी पायऱ्यांवर.

मशीन चालू आहे, वॉचमनला फोन केला होता. "चल रहा है मॅडम, चल रहा है, आप टेन्शन मत लो." गेल्या रविवारी कॉपी घेतली तेव्हा सगळ्यात मोठ्या पदार्थाचा पहिला ठिपका हातात आला होता. एक पूर्णांक नऊ नऊ नऊ. नऊ संपेचनात. उरलेले ठिपके हा आठवडाभर पडतायत. तिकडे एकटे, माझ्याशिवाय. जमेल तेव्हा जाईन आणि सगळे एकदम घेऊन येईन. अर्ज लिहून ठेवलाय, फक्त ग्राफ चिकटवायचाय.

त्या ओळखीच्या लोकांचा मुलगा मनोज. ट्रान्सपोर्टमध्ये आहे. मला म्हणाला, "तुमचं संशोधन चालतं म्हणे." मी म्हटलं, हो, लाईट असली की. तो म्हणाला, "आमच्याकडे पासष्ट केव्हीएचा जनरेटर आहे. बिनधास्त चालवा."

चांगला माणूस आहे रे. हीच भानगड आहे. एखादा तरी वाईट भेटला असता तर मला भांडता आलं असतं, तुझ्या मनासारखं.

त्यांचं घर अकलोलीतच आहे, दसऱ्याला त्यांनी सोनं द्यायला बोलावलंय. म्हणजे बाबांना. मी जाणार नाही बहुतेक.

निशा


शेलार, १० ऑक्टोबर २००८.

विपुल,

गेलं.

क्रमाने लिहिते, नाहीतर मलाच पटणार नाही.

काल दसरा. तू विसरला असशील, इथे दसऱ्याला यंत्रं बंद ठेवतात. लूम पुसून, तेल देऊन, हार घालून, दिवसभर आराम. वर्षभर राबलेल्या वस्तूला एक दिवस मान. मी लहानपणापासून बघतेय. माझ्या डोक्यात हे आलं नाही. मी एम.एस्सी. फिजिक्स, माझ्या डोक्यात आलं नाही की दसरा वडप्यालाही असतो.

मी अकलोलीला होते. हो, गेले. पिवळी साडी.

काकाने सकाळी सगळ्याची पूजा मांडली. वजनकाटा, हातगाड्या, दोन टेम्पो आणि जनरेटर. जनरेटरला हार घालायचा म्हणजे बंद ठेवायला हवा. तो बंद केला. तेवढ्यात बाहेरची लाईट गेली. यूपीएस रडायला लागला. सीताकाकी ऑफिसात आली. पुढचं तिच्याच शब्दांत सांगते, मी ते आता पाठ केलंय:

"टीं टीं, टीं टीं करत व्हता गो. मना वाटला, सगल्यांना मान दिला न् त्यालाच न्हाय दिला, म्हून मागतोय. मंग गप झाला. आपसूक बंद झाला. म्हटला, बरा झाला, त्यो पन दमला आसंल."

मग झेंडूचा हार. तांदूळ. हळद-कुंकू. समोर नारळ फोडला आणि त्याचं पाणी फुलाने शिंपडलं. पुढून शिंपडलं, वरून शिंपडलं, आणि मागे, जिथे पंख्याची जाळी आहे, तिथे जास्त, कारण तिथूनच तो रोज गरम श्वास टाकतो म्हणे.

मी म्हटलं, काकी, कागद लावला होता ना.

काकाच पुढे आला. "हात न्हाय लावला गो कोनी. कागद वाचला ना मी. लांबूनच शिंपडला."

खरंच आहे. हात कोणीच लावला नाही.

आणि दुपारी लाईट आली तेव्हा वॉचमनला आठवलं, मॅडमने सांगितलंय, बंद होता कामा नये. त्याने बटण दाबलं. ओल्यावर. फट् झालं, वास आला. त्याने पुन्हा दाबलं. मॅडमने सांगितलं होतं ना.

सगळ्यांनी मी सांगितलं तेच केलं, विपुल.

आज डबा घेऊन भिवंडीत दुकानात गेले. दुकानदाराने उघडला. आत तांदळाचे दाणे, कुंकू आणि एक झेंडूची पाकळी. तो हसला नाही. "डेटा गया बहेन," एवढंच म्हणाला. पेन ड्राईव्हवर मधल्या आकाराचं सगळं आहे. मोठ्याचा एकच ठिपका. तुझ्या सरांनी मोठाच मागितलाय, आणि एका ठिपक्याची रेष होत नाही.

काल संध्याकाळी वडप्याला गेले तेव्हा काकीने मला पान-सुपारी दिली, सोनं दिलं आणि विचारलं, "आता जोरात चालंल ना गो?"

मी हो म्हटलं. तू काय म्हटलं असतंस?

आता तूच आहेस. प्रोग्रॅम मेलने पाठवलाय, सोबत तो ठिपका. क्लस्टरवर एक रात्र. एकच रात्र दे. मी कधी काही मागितलं नाही असं म्हणणार नाही, मागितलंय, पण याच्यानंतर नाही मागणार.

निशा


शेलार, ३१ ऑक्टोबर २००८.

विपुल,

'डिसेंबरनंतर बघू, सध्या माझेच रन चालू आहेत.'

आज शेवटची तारीख होती. मी मधल्या आकाराचा ग्राफ लावून अर्ज पाठवला. तुझ्या सरांचं उत्तर दुपारीच आलं. सभ्य आहेत. रोचक आहे, पण मोठ्या आकाराशिवाय काही म्हणता येणार नाही, शुभेच्छा.

मनोजच्या घरच्यांना बाबांनी होकार कळवला. मी तेव्हा घरातच होते. कपबशा विसळत होते.

निशा


शेलार, १८ जानेवारी २००९. लाईट आहे.

विपुल,

तुझा मेल. इतका लांब मेल तू मला तिकडे गेल्यापासून लिहिला नव्हतास.

हो, मी तो रिसर्च पेपर बघितला, तुझ्या आधी. नोव्हेंबरमध्येच नेटवर आला होता, तुलाच उशिरा दिसला. दुसऱ्या लोकांचा, दुसऱ्या देशातला. मला त्यांची नावंही नीट उच्चारता येत नाहीत. मी सायबर कॅफेत बसून तो उघडला आणि तिसऱ्या पानावर ती रेष होती. शून्यावरून उठून दोनवर बसलेली. माझा एक ठिपका मी त्यांच्या ग्राफवर ठेवून बघितला. स्क्रीनवर बोट ठेवून. बरोबर रेषेवर. शेजारच्या मशीनवर एक पोरगा गाड्यांची गेम खेळत होता, तो माझ्याकडे बघायला लागला, म्हणून मी डोळे पुसले आणि तासाचे पैसे देऊन उठले.

म्हणजे खरं होतं. घाणीने काठ सुरू होतो.

तू लिहितोस, नाताळच्या सुट्टीत क्लस्टर मोकळं होतं, तेव्हा माझा प्रोग्रॅम चालवून पाहिलास. एका रात्रीत झाला. सगळं बरोबर आलं. बग नव्हता. तू सॉरी लिहिलंयस, तेही मराठीत, 'माफ कर'. हे वाचायला विचित्र वाटलं. आपण एकमेकांना कधी माफ कर म्हणालो नव्हतो, तोंड फिरवून बसायचो फक्त.

माफ काय करायचं? तू नेम धरून काही केलं नाहीस. तुझ्या जागी मी असते तर मीही म्हणाले असते, बग आहे. त्या पेपरवाल्यांवर चिडावं तर ते तरी काय करणार, त्यांनी त्यांचं काम केलं, त्यांच्याकडे लाईट होती. काकीवर? परवा ती केळवणाला आली होती, माझ्यासाठी तिच्या लग्नातली पैठणी घेऊन. मी कोणाच्या समोर जाऊन उभी राहू ते सांग. मी खूप शोधलं. माणूसच सापडत नाही.

तुझ्या पुढच्या पेपरात तळटीपेत माझं नाव घालायचं म्हणतोस. 'निशा भोईर, खाजगी पत्रव्यवहार.' नाव बरोबर असल्याचं कळवायला सांगितलंस. घाल. पण तो छापून येईपर्यंत माझं आडनाव बदललेलं असेल, तेव्हा ती कोण हे कोणाला कळणार नाही. मलाही जरा विचार करावा लागेल.

लग्न दोन फेब्रुवारीला आहे. आईने तुझा पत्ता मागितला, पत्रिकेसाठी. मी म्हटलं, पोचणार नाही वेळेत.

मनोजने विचारलं, तुझा कॉम्प्युटर आणू का रिपेअर करून. मी म्हटलं नको, आता त्यात काही नाही. तो म्हणाला, तरी आणतो. आणेल तो. जनरेटरही आहे. सगळं आहे.

शुक्रवारचं सांगते आणि थांबते. बारावीचे उजळणीचे तास चाललेत. मी फळ्यावर लिहिलं, विद्युत वहनावरून पदार्थांचे प्रकार. सुवाहक, दुर्वाहक, अर्धवाहक. पोरं लिहून घेत होती. मागच्या बाकावरून दिपाली उठली. तिचे वडील वायरमन आहेत.

"मॅडम, वायर कशात येते? आत तांबं म्हणजे सुवाहक, बाहेर प्लॅस्टिक म्हणजे दुर्वाहक."

"त्या दोन वस्तू आहेत. एकात एक घातलेल्या."

"हां. पण मग याच्या उलटं असतं का? एकच वस्तू, आतून बंद आणि बाहेरून चालू?"

वर्ग हसला. एक जण ओरडला, "उलटी वायर! हात लावला की खल्लास!" दुसरा म्हणाला, "तुझ्या बापाला सांग, धंदा बंद होईल." दिपालीही हसली, पण बसली नाही. माझ्याकडे बघत उभी.

मला उत्तर माहीत आहे, विपुल. या तालुक्यात ते कदाचित मलाच माहीत आहे. मी ते तिला अर्ध्या तासात समजावलं असतं. घाणीसकट.

मी म्हटलं, "सिलॅबसमध्ये नाही."

"म्हणजे असतं?"

पोर्शन राहिला होता. पुढच्या आठवड्यात मी सुट्टीवर, मग बदली मॅडम, मग परीक्षा. आणि हिला समजावलं तर ही पेपरात लिहील, आणि तपासणारा लाल रेघ मारेल, बरोबरच मारेल.

मी म्हटलं, "तीनच लिही."

तिने वहीत पुढचा आकडा घालून ठेवला होता. चार, आणि पुढे टिंब. तिने कंपासमधून खोडरबर काढलं, चार खोडला, वर फुंकर मारली आणि खाली बसली.

निशा